फिरवलेलं ताट

मागच्या महिन्यात तुम्ही दोघं फोनच्या पडद्यावर माझ्यासमोर भांडलात. मिहिर म्हणत होता, माणसाचं मन म्हणजे डोक्यात ठेवलेला जगाचा नकाशा. बाहेर जे आहे त्याचं चित्र आत असतं आणि आपण ते चित्र वाचत जगतो. सई म्हणत होती, नकाशाबिकाशा काही नसतो, हात, पाय, पाठ, पोट सगळं मिळून विचार करतं आणि मेंदू त्यातला एक भिडू. त्यावर मिहिरने विचारलं, "मग जाणीव कुठे असते? ढोपरात?" आणि शेवटी दोघंही एकदम म्हणालात, "आज्जी, तू सांग."

तेवढ्यात नारळ पाडायला माणूस आला म्हणून मी फोन ठेवला. माणूस खरंच आला होता, पण दहा मिनिटं थांबला असता. मला उत्तर येत नव्हतं, हे खरं कारण. एक प्रसंग मात्र आठवला होता आणि तो फोनवर सांगण्यासारखा नव्हता. गावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहून द्या म्हणून इथली मंडळी तीन वर्षं मागे लागली आहेत. तेव्हा दोन्ही कामं एकदमच करते. तुमचं मराठी वाचन मंद आहे, ते या लेखापुरतं बरंच आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण तुमच्या आईलाही ते कधी नीट सांगता आलं नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मुंबईत इंग्रजीतून शिकले, लग्न होऊन चौलला आले आणि जवळच्या एका रुग्णालयात लागले. पहिल्याच वर्षी नागावचे एक गृहस्थ बारावी झालेल्या मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, याला कसलं तरी ऑक्युपेशन लावून द्या. मी त्यांना माझं काम समजावलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बाई, तुम्ही नोकरी देत नाही, आंघोळ शिकवता." यापेक्षा चांगली व्याख्या मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

पक्षाघाताने हात गेला की त्या हातात बळ आणण्याचं काम फिजिओथेरपिस्टचं. त्या हाताने तांब्या धरून अंगावर पाणी घेणं, भाकरी मोडणं, सदऱ्याचं बटण लावणं, हे माणसाला परत मिळवून देणं आमचं. ऐकायला साधं वाटतं. पण शरीराला येणारी गोष्ट आणि माणसाला सांगता येणारी गोष्ट यांच्यात किती अंतर असतं, ते या कामात रोज दिसायचं. पक्षाघात होऊन आलेल्या चौलच्याच एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांना म्हणायची, "नमस्कार करून दाखवा." त्या घामाघूम व्हायच्या, दोन्ही हात हवेत भलतीकडे जायचे. त्यांना शब्द कळत होता, हातात बळ होतं. एकदा त्यांचे जुने मुख्याध्यापक भेटायला आले. दारात त्यांची काठी वाजली मात्र, बाईंचे हात आपोआप जुळले. आणि जुळलेल्या हातांकडे बघून त्या रडायला लागल्या. सई, तुझ्या बाजूने एक गुण इथे मांडून ठेव. पुढचा प्रसंग गुण मांडण्यासारखा नाही.

जनार्दन तांडेल रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सुकाणू त्याच्या हातात असतं आणि बाकीचे खलाशी त्याच्या डोळ्यांनी चालतात. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, फार न बोलणारा माणूस. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी झाली होती. डावा हात काही आठवडे लुळा होता, तो हळूहळू सुधारत होता. बरोबर बायको हिराबाई आणि धाकटा भाऊ दामू. दामू त्याच होडीवर खलाशी होता, आणि दोघांच्या वाटचं एकटाच बोलायचा.

मी तांडेलासमोर एक कागद ठेवला. त्यावर छोट्या छोट्या रेघा विखुरलेल्या होत्या. प्रत्येक रेघेवर काट मारायला सांगितलं. त्याने कागदाच्या उजव्या अर्ध्यातल्या रेघा नेटक्या काटल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

"झालं?"

"झाला."

"सगळ्या?"

"समद्या."

घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराचे बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. दामू वाकून म्हणाला, "दादा, बारा तास अर्ध्यान कोंबलंस. आता दर्यावर अर्धाच दिवस जावाचा का?" तांडेल हसला. त्याला विनोद कळला, पण कशावर ते कळलं नाही.

हे नीट समजून घ्या, सगळं याच्यावर आहे. त्याचे डोळे शाबूत होते. डावीकडे त्याला अंधारही दिसत नव्हता. तुमच्या पाठीमागे आत्ता काय दिसतंय, असं मी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? काळोख? नाही. तिथे काहीच दिसत नाही, आणि ते न दिसणं तुम्हाला खटकतही नाही. तांडेलाची डावी बाजू तशी झाली होती. जग अर्धं झालं होतं आणि तरी त्याला ते पूर्णच वाटत होतं. हरवलेल्या गोष्टीबरोबर ती हरवल्याची जाणीवही गेली होती. म्हणून "तुम्हाला डावीकडचं दिसत नाही" असं म्हटलं की तो शांतपणे सांगायचा, "मना समदा दिसतंय, ताय." तो खोटं बोलत नव्हता. जे त्याला दिसत नव्हतं ते त्याच्यासाठी नव्हतंच.

मी वाचलं होतं की अशा रोग्याच्या आठवणीतलं चित्रसुद्धा अर्धं होतं. मिहिर, हा तुझा नकाशा. मी तांडेलाला डोळे मिटायला सांगितले. "समजा, तुम्ही समुद्रातून खाडीच्या तोंडाशी येताय. काय काय दिसतं, सांगा."

तो सांगायला लागला. कोर्लईचा डोंगर, त्यावरचा किल्ला, दीपस्तंभ, खालचे खडक. सगळं उजव्या हाताचं. डावीकडचं रेवदंडा, तिथली तटबंदी, सुरूची झाडं, धक्का, यातलं एक अक्षर नाही. त्याचं स्वतःचं घर डाव्या हाताला होतं, तेही नाही. हिराबाईने पदर तोंडाला लावला.

"आता होडी वळवा. खाडीतून बाहेर समुद्राकडे चालला आहात."

आणि रेवदंडा आलं. तटाची पडकी भिंत, सुरू, धक्का, मासळी वाळत घातलेल्या काठ्या, घराचं निळं दार. कोर्लईचा डोंगर मात्र जागचा नाहीसा झाला. दोन्ही अर्धी त्याच्यापाशी शाबूत होती. ज्या बाजूला तो मनात तोंड करील तिचं डावं गळून पडत होतं. म्हणजे नकाशा होता, पण तो भिंतीवर टांगलेला नव्हता. त्याच्या मधोमध तांडेल स्वतःच्या अंगाने उभा होता.

मला तेव्हा आनंद झाला. हे मी आज कबूल करते. एवढं शिकून आलेली मी तांब्या-बटणांत अडकले होते, आणि माझ्या टेबलासमोर पुस्तकातलं आश्चर्य येऊन बसलं होतं. मी घरी येऊन तुमच्या आजोबांना पानावर बसल्याबसल्या दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "आणि त्या माणसाचं काय?" मी म्हटलं, "सुधारेल."

चार महिने आम्ही मेहनत केली. मी त्याला शिकवलं की प्रत्येक गोष्ट दोन तोंडांनी आठवायची आणि मग जोडायची. कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली आणि ती बोटाने सापडेपर्यंत डावीकडे जायची सवय लावली. तो हुशार होता. खाडीत येताना डावीकडे काय, जाताना डावीकडे काय, हे त्याने पाढ्यासारखं पाठ केलं. रेघा सगळ्या काटल्या जाऊ लागल्या. घड्याळ गोल झालं. प्रत्येक रोग्याचं मी एक कार्ड ठेवत असे. त्याचं कार्ड माझ्या सगळ्यात सुबक अक्षरातलं आहे.

श्रावण लागला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या बाहेर पडतात. तांडेल माझ्यासमोर येऊन बसला. एरवी न बोलणारा माणूस, त्या दिवशी बोलला.

"ताय, डॉक्टर बोलतंय तू लिवशील तर जावाचा. तू लिव."

"थोडं थांबलात तर?"

"सुकाणू दुसऱ्याच्या हातान गेला का मी तांडेल न्हाय. मग मी होरीतला सामान."

मी शेवटची तपासणी केली. सगळं बरोबर. मग घरच्या वागणुकीबद्दलचे ठरावीक प्रश्न हिराबाईला विचारले. आंघोळ पूर्ण करतात? व्हय. चालताना डावीकडे आपटतात? आता न्हाय. ताटातलं सगळं संपवतात? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण असे रोगी ताटाच्या डाव्या अर्ध्यातलं अन्न तसंच ठेवून उठतात.

"व्हय. ताट घासल्यासारखा चकचकीत."

मी बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं: कामावर जाण्यास हरकत नाही. सही केली. तांडेलाने जाताना माझ्या टेबलाला हात लावून तो कपाळाला लावला.

पौर्णिमेनंतर तिसऱ्या आठवड्यात ते घडलं. सकाळी दहाची वेळ, लख्ख ऊन, पाणी शांत. होडी मासळी भरून धक्क्याकडे येत होती. येताना धक्का डाव्या हाताला. तांडेलाने पाठ केल्याप्रमाणे बरोबर जागी डावीकडे वळण घेतलं. पण धक्क्याला लावलेल्या रांगेतून एक होडी त्या दिवशी जरा बाहेर सरकली होती. ती पाठांतरात नव्हती. दामू डाव्या काठाशी दोर घेऊन उभा होता. तो ओरडला, पण इंजिनाच्या आवाजातून ते तांडेलापर्यंत पोचायच्या आत दोन्ही होड्यांच्या काठांमध्ये त्याचा डावा हात सापडला. तीन बोटं गेली.

मुंबईत शस्त्रक्रिया होऊन दीड महिन्याने दामू माझ्याकडे आला. उरलेल्या बोटांना कामाला लावायचं होतं, ते माझंच काम. मी त्याचा हात हातात घेतला तेव्हा मला मान वर करता येईना. तोच म्हणाला, "ताय, दोन ठेवलान देवानी. बिडी धरता येल." मागच्या बाकावर तांडेल बसला होता. कोळीवाड्यात कोणी म्हणत होतं प्यायला होता, कोणी म्हणत होतं भावावर राग होता. तो सगळ्यांना एकच सांगत होता.

"डावीकरं काय नव्हता."

एकदा, दोनदा, दहादा. दामू त्यावर एकदाही बोलला नाही. तेवढ्यापुरता तो गप्प व्हायचा.

माझी तपासणी कुठे चुकली, ते मला सापडत नव्हतं. कार्ड मी कितीदा वाचलं. शेवटी दामूला घरात कुठली कामं जमतात ते बघायचं म्हणून एका दुपारी रेवदंड्याला त्यांच्या घरी गेले. खरं म्हणजे इतक्या वर्षांत मी रोग्याला माझ्या टेबलावर बघत आले होते, त्याच्या घरात फार क्वचित. हिराबाईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांडेलासमोर ताट आलं: मधे भात, उजवीकडे तळलेला बांगडा, डावीकडे कांदा आणि सुकटीची चटणी. तो जेवू लागला. बांगडा संपला, भाताचा उजवा अर्धा संपला, आणि त्याचा हात थबकला. हिराबाई माझ्याशी बोलत होती, तुमच्या आईच्या शाळेचं काहीतरी विचारत होती. बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता, तिने हात पुढे केला आणि ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडे आली. तांडेल पुढे जेवू लागला. ताट चकचकीत झालं.

माझा घास हातातच राहिला.

तांडेल पाणी पिऊन ओटीवर गेल्यावर मी विचारलं, "हिराबाई, ताट केव्हापासून फिरवता?"

"कवापासून म्हंजे? दवाखान्यातून आनला तवापासून."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू इचारलास कवा? तू इचारलास संपवतंय का. संपवतंय." मग खाली बघून ती म्हणाली, "आनी तांडेलाला सोताच्या ताटातला दिसत न्हाय, असा मी चार मानसांत कसा बोलू गो?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिने नवऱ्याचं पोट राखलं, त्याची लाज राखली, आणि मी विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. अर्धं ताट तो खात होता आणि अर्धं ती खायला घालत होती, आणि दोघांनी मिळून संपवलेल्या ताटावर मी त्याच्या एकट्याच्या नावाने सही केली होती. माझ्या टेबलावर सुधारलेला तांडेल शब्दांत सुधारला होता. खुर्चीत स्वस्थ बसून, विचारलेल्या प्रश्नाला, त्याचं जग पूर्ण होतं. भूक लागलेल्या, दमलेल्या, हलत्या होडीवरच्या तांडेलापर्यंत ते शब्द पोचलेच नव्हते.

मी ओटीवर गेले. तांडेल आणि दामू बसले होते. मी सरळ सांगितलं, "तांडेल, चूक तुमची नाही. मी कागद लिहायला नको होता. तुम्हाला अजून डावीकडचं कळत नाही, आणि ते मला कळलं नाही." ताटाचंही सांगितलं. हिराबाई दाराआड उभी होती.

तो दामूला म्हणाला, "हात दे."

दामू उठून त्याच्या उजव्या बाजूला आला आणि डावा हात त्याच्या मांडीवर ठेवला. तांडेलाने आपल्या उजव्या हाताने तो चाचपला. अंगठा. पहिलं बोट. आणि मग जिथे बोटं असायला हवीत त्या जागेवरून त्याचा हात पुढे-मागे फिरत राहिला.

"ताय," तो म्हणाला, "मना अजून बी डावीकरं कायच न्हाय. आनी न्हाय असा बी वाटत न्हाय. पन याची बोटां गेलीत. म्हंजे तिकरं कायतरी हाय."

दामू इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या गोष्टीवर बोलला. "हाय, दादा. धक्का हाय, होऱ्या हायत, आपला घर हाय."

"तू बोलतंस तर हाय," तांडेल म्हणाला.

त्या दिवसानंतर त्याने सुकाणूला हात लावला नाही. कोणी त्याला थांबवलं नाही, तोच थांबला. मला आजही हे माझ्या कामात पाहिलेलं सगळ्यात कठीण काम वाटतं. हात हलवायला शिकणं सोपं. स्वतःला जग पूर्ण दिसत असताना ते अर्धं आहे हे दुसऱ्याच्या बोटांवरून मानायचं, याला मी कुठला व्यायाम शिकवणार होते? दामूला मी दोन बोटांनी आणि तळव्याने सुकाणू धरायला शिकवलं. पुढची काही वर्षं होडीचा तांडेल तोच होता आणि जनार्दन त्याच्या डावीकडे बसून जायचा. तशी जागा त्यांनीच ठरवली होती, म्हणजे दामू त्याच्या उजवीकडे, त्याच्या जगात राहायचा. कोर्लईचा दीपस्तंभ कुठल्या सुळक्याशी आला की जाळं टाकायचं, अशा खुणा तो सांगायचा. उजवीकडच्या तो सांगायचा, डावीकडच्या दामू.

त्याच्या कार्डाच्या मागे मी त्या संध्याकाळी काय चुकलं ते लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणाच्याही घरच्यांना "ताट संपवतात का" असं विचारलं नाही. घरी गेले, समोर बसले आणि जेवताना पाहिलं. यावर वरिष्ठ हसायचे. म्हणायचे, बाईंना कोळीवाड्यातलं जेवण आवडतं. आवडायचंच. पण दामूची बोटं त्याने परत आली नाहीत.

तुम्ही म्हणाल, आज्जी, मग कोणाचं बरोबर? मिहिर, नकाशा मी पाहिला आहे, अर्धा झालेला पाहिला आहे. सई, तो नकाशा अंगाशिवाय उभा राहत नाही हेही पाहिलं. जाणीव कुठे असते ते मला सांगता येणार नाही. तिच्यात भोक पडलं तर ते आतून दिसत नाही, एवढंच मला ठाऊक आहे. आणि हे मी तांडेलाबद्दल शिकले की स्वतःबद्दल, त्याचा निवाडा माझ्याच्याने झालेला नाही.

तांडेल दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेला. मागच्या महिन्यात, तुमच्या भांडणानंतर, मी हिराबाईकडे गेले. आता ती थकली आहे, पण जेवल्याशिवाय अजून सोडत नाही. मला वाढून ती शेजारी टेकली आणि दामूच्या नातीचं लग्न ठरल्याचं सांगू लागली. मी भात कालवला, मासळी संपवली. ती बोलत होती. बोलता बोलता तिचा हात पुढे आला आणि त्याने माझं ताट अर्धं फिरवलं.

मग दोघी त्या हाताकडे बघत राहिलो.

"बग गो," ती म्हणाली, "तांडेल गेला ता या हाताला अजून कोनी सांगितलाच न्हाय."

सुकटीची चटणी माझ्या उजव्या हाताला आली होती. मी ती सगळी संपवली.